तोल सांभाळणारे कृत्रिम पाऊल निवडताना

पावलाची निवड करण्याआधी सॉकेट (कृत्रिम पायाचा वरचा, उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग) नीट बसते आहे ना, हे पाहून घ्यावे; ते सैल असेल तर कितीही महागडे पाऊल लावले तरी तोल जाणारच, आणि दोष मात्र बिचाऱ्या पावलाला दिला जातो. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पायाची सूज उतरत जाते, तेव्हा सॉकेटमध्ये पोकळी राहते आणि उरलेल्या पायावरच्या मोज्यांचे थर वाढवून ती भरून काढावी लागते.

घोट्यात न हलणारे, मऊ टाचेचे सॅच पाऊल साधे आणि टिकाऊ असते, पण उंचसखल जमिनीशी ते जुळवून घेत नाही. ज्यांचा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला आहे, त्यांनी एकाच अक्षावर हलणाऱ्या पावलाचा विचार जरूर करावा, कारण टाच टेकताच त्याचा तळवा लवकर सपाट बसतो आणि कृत्रिम गुडघा अवचित दुमडण्याची भीती कमी होते. बहुअक्षीय पाऊल दोन्ही बाजूंनाही कलते, त्यामुळे खडबडीत वाटेवर ते सोयीचे ठरते. मात्र एका जागी उभे राहताना काहींना ते डगमगते वाटते. कार्बन फायबरचे पाऊल भरभर चालणाऱ्यांच्या उपयोगाचे आहे. केवळ तोलासाठी त्याचा हट्ट धरू नये, असे माझे मत आहे.

पाऊल बुटाच्या ठरावीक उंचीच्या टाचेसाठी जुळवलेले असते; टाच त्याहून उंच असली की शरीर पुढे ढकलले जाते आणि अनवाणी उभे राहिल्यास मागे. म्हणून चाचणीला रोजचेच बूट न्यावेत, आणि सरावात आधाराला धरायच्या समांतर दांड्यांबाहेर, उतारावर व जिन्यावर चालून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.