‘विश्वास वाटा’ की ‘साक्ष द्या’?

सांगलीच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आलाय. आपल्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) तरुणांसाठी त्या एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणतायत. ख्रिस्ती माणसानं आपली श्रद्धा शेजारी, ऑफिसात, प्रवासात इतरांपुढे कशी मांडावी, हा विषय. त्यांनी मथळा केला ‘रोजच्या जीवनात विश्वास वाटा’. सासूबाईंनी तो वाचून विचारलं, “कुणाकुणाला कितीकिती वाटायचा?” आणि ‘साक्ष देणे’ सुचवलं. ताईंची अडचण अशी, की साक्ष कोर्टात देतात, बाहेरच्याला ते कसं कळणार? मग प्रचार, प्रसार, सुवार्ता यांतलं काय घ्यावं? आणि साक्ष की साक्षी?

माझं मत सासूबाईंच्या बाजूनं.

‘वाटणे’ मराठीत तीन प्रकारचं. पेढे वाटतात, मिरची वाटतात आणि बरं वाटतं. ‘विश्वास’ शेजारी येऊन बसला की कान तिसराच अर्थ धरतो. ‘तिनं विश्वास वाटला’ हे वाक्य वाचताना माणूस अडखळतो, ‘तिला’ हवं होतं की काय, असं म्हणतो. त्यातून ‘विश्वास’ हा शब्दही मंडळीत आणि मंडळीबाहेर वेगळा चालतो. ख्रिस्ती मराठीत तो धर्मश्रद्धेचा शब्द आहे, इतका की त्यावरून ‘विश्वासणारे’ असं खास रूप तयार झालंय. बाहेरच्या सांगलीकराला विश्वास म्हणजे भरवसा. श्रद्धेला तो श्रद्धाच म्हणतो.

‘प्रचार’ लगेच बाद करा. निवडणुकांनी तो शब्द पार वापरून टाकलाय, रिक्षा आणि कर्णा डोळ्यांपुढे येतो. ‘प्रचारकी’ तर सरळ दूषणच. ‘प्रसार’ त्यापेक्षा सभ्य आणि कायद्यातलाही. संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये मराठीत धर्माचं ‘प्रकटीकरण, आचरण व प्रसार’ असे शब्द आहेत. (‘प्रकटीकरण’ हे मराठी बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचंही नाव आहे. योगायोग, पण मला आवडतो.) यातल्या प्रसाराचा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं १९७७ च्या निकालात लावला: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं म्हणजे प्रसार, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. वकिली कागदाला शब्द उत्तम. पण प्रसार धर्माचा होतो, विचारांचा होतो, साथीचाही होतो. चहा पिताना कुणी प्रसार करत नाही.

‘सुवार्ता’ गोड शब्द आहे. त्याच्याआधीचा ‘शुभवर्तमान’ अजून मत्तय, मार्क, लूक, योहान यांच्या नावांपुढे टिकून आहे. जुन्या मराठीत वर्तमान म्हणजे बातमी, म्हणून तर वर्तमानपत्र. सुवार्ता सांगतात, तिची घोषणा करतात, आणि ते काम पदानं करणारा तो सुवार्तिक. पण सुवार्तेचा विषय ख्रिस्त. सांगणाऱ्याच्या घरात काय घडलं, हे तिच्यात यायलाच हवं असं नाही. ताईंच्या पुस्तिकेला नेमकं ते घडलेलं हवंय.

तिथे ‘साक्ष’ येते. शब्द कोर्टातला आहे, हे ताईंचं म्हणणं खरंच. त्याचा गोतावळा सगळा कचेरीत बसणारा: साक्षीपुरावा, खोटी साक्ष, साक्ष फिरवणे. ‘साक्षीदार’ शब्दात संस्कृत साक्षीला फारसी ‘दार’ चिकटलाय आणि भावकीतली ‘ग्वाही’ पुरती फारसी. पण बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्दही कोर्टातलाच आहे, ‘मार्तुस’. साक्ष देता देता अनेकांचे प्राण गेले, म्हणून पुढे युरोपीय भाषांत तोच शब्द हुतात्म्यासाठी रुळला. तेव्हा कोर्टाचा वास काढून टाकायची गरज नाही, अर्थ त्या वासातच आहे. साक्षीदाराला वकिलासारखं भांडायचं नसतं आणि न्यायाधीशासारखा निकालही द्यायचा नसतो. त्यानं आपण पाहिलं तेवढं सांगायचं. ऐकीव सांगू लागला की हरकत येते. पाणिनीनंही साक्षी शब्द ‘साक्षात् पाहणारा’ याच अर्थानं साधलाय.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध माणूस आठवा. त्याला दिसू लागतं आणि परूशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ यहुदी, त्याची उलटतपासणी घेतात: ज्यानं तुला बरं केलं तो पापी आहे, हे कबूल कर. तो म्हणतो, ते मला ठाऊक नाही. एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. त्या घडीला ना धर्मशास्त्र ना उपदेश. साक्षीची यापेक्षा चोख व्याख्या कोशात मिळायची नाही.

आता बाहेरच्याला कळेल का? साताऱ्याचं उदाहरण देतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्ताविषयी सांगायला त्यांनी कीर्तन आणि अभंग हाताशी धरले, आणि आपण तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापाशी आलो हे ते मोकळेपणानं सांगत. त्या तुकोबांचीच ओळ आहे: ‘अनुभवें आलें अंगा । तें या जगा देतसें’. क्रियापद पाहा, देतसें. अंगावरून गेलेलं जगाला देणं. वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ‘साक्ष देणे’ समजवायला ही एक ओळ पुरेल. (वेदान्तातला ‘साक्षीभाव’ मात्र इथे आणू नका. तो साक्षी अलिप्त असतो, आपला गुंतलेला असतो.)

प्रत्यक्ष बोलण्यात साक्ष हा शब्द क्वचितच उच्चारला जातो, हेही तरुणांना सांगा. तो उपासनेतला शब्द: पाळकसाहेब विचारतात, “कुणाला साक्ष द्यायचीय का?” बाहेर ती नुसती घडते. मिरजेत मिशनरी डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. मिरजेतल्या कुठल्याही दवाखान्यात वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर होईल असं बोलणं, नमुन्यादाखल:

“मावशी, तुमी एवढ्या निवांत कशा ओ बसलाय?”

“निवांत कुठली बाई, पोरगं आतच हाय माझं. पण मागल्या खेपंला प्रभूनं राखलं त्याला, म्हणून दम निघतोय. तुमच्या मालकांचं नाव काय? प्रार्थनेत घेते.”

“घ्या की. नाव घ्यायला काय पैसं पडत्यात?”

साक्ष झाली. ‘राखलं’वर जरा थांबा: गुरं राखतात, शेत राखतात, रात्रभर जागून पीक राखतात. ‘संरक्षण केलं’ लिहिलंत तर मावशी बाकड्यावरून उठून व्यासपीठावर जाऊन बसतील. आणि बोलणं सुरू झालं ते समोरच्या बाईच्या प्रश्नानं. नव्या करारातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) हेच आहे: तुमच्या ठायी असलेल्या आशेविषयी जो ‘विचारपूस’ करील, त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ द्या. भीडस्त म्हणजे आज आपल्याला लाजरा वाटतो. इथे भीड म्हणजे समोरच्याची राखलेली अदब. त्या अर्थानं हा शब्द पुस्तिकेत वापराच, हल्ली कुठे भेटत नाही.

आता साक्ष की साक्षी. ‘साक्ष’ स्त्रीलिंगी, म्हणजे जे सांगितलं ते. तिचं अनेकवचन साक्षी: “आज दोन साक्षी झाल्या.” ‘साक्षी’ पुल्लिंगी, म्हणजे सांगणारा माणूस. नव्या करारातल्याच प्रेषितांची कृत्ये १:८ मधलं ‘माझे साक्षी व्हाल’ हे या दुसऱ्याचं अनेकवचन. ‘देवाला साक्षी ठेवून’ आणि ‘साक्ष ठेवून’ दोन्ही ऐकू येतात, दोन्ही चालू द्या. ‘साक्ष करणे’ मात्र नको, साक्ष देतात.

मथळा ‘रोजच्या जगण्यातली साक्ष’ ठेवा. आत मात्र दर परिच्छेदात तो शब्द ठोकू नका; सांगितलं, बोलली, विचारलं तसं उत्तर दिलं, यांवर बरंच भागतं. तरुण मंडळी ‘साक्ष शेअर केली’ म्हणतात, त्यांना बोलताना म्हणू द्या. छापताना ‘शेअर’ मोबाइलवरच्या फॉरवर्डपुरता ठेवा.