आधी पेरणीच्या तारखा ठरव

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा कृषी पर्यटनाचा आराखडा वाचला. तो पोहण्याचा तलाव आधी खोडून टाक. टँकरची वाट बघणाऱ्या माणदेशात पाहुण्यांसाठी तलाव बांधलास, तर पहिलं गावच नावं ठेवील. तुझ्याकडे थंडीत लोकांनी पैसे देऊन यावं असं एकच आहे, हुरडा. तेवढं नीट कर.

माझी फजिती ऐक. पहिल्या वर्षी सगळी ज्वारी एकाच दिवशी पेरली आणि माणसं बोलावली २६ जानेवारीला, सुट्टी बघून. माणसं भरपूर आली. आगटीतून, म्हणजे निखाऱ्याच्या खड्ड्यातून, कणसं काढून चोळली, तर पाटीत टणक ज्वारी! चटणी-भाकरीवर वेळ मारून नेली. निम्म्यांचे पैसे मी परत केले.

हुरडा साधारण नव्वद ते शंभर दिवसांत येतो आणि एका पेऱ्याचा आठ-दहा दिवसच टिकतो. म्हणून सप्टेंबरच्या मध्यापासून आठ-आठ दिवसांनी थोडंथोडं पेर. मग डिसेंबर अखेरपासून दर शनिवार-रविवारी एक तरी तुकडा बरोबर हाताशी येतो. बी गूळभेंडी किंवा सुरती घे, नाहीतर राहुरी विद्यापीठाचं फुले मधुर. दाणा गोड आणि चोळला की सुटतो. मालदांडी भाकरीला ठेव.

बुकिंग घेण्याआधी रानात जा. कणीस शेंड्याकडून पिकत येतं, म्हणून मधला दाणा नखाने दाब. दूध उडालं तर थांब. नख रुतून ओलसर पीठ लागलं तर काढ. नख घसरलं की ती ज्वारी झाली, पाहुण्याला फोन करून तारीख बदल. राग येईल त्याला, येऊ दे.

आगटी कडब्याच्या गंजीपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला खण. गोवऱ्यांचा जाळ बसून निखारा झाल्यावरच कणसं खुपस, नाहीतर बाहेरून करपतात आणि आत कच्ची राहतात. चोळायला सरावाचीच माणसं ठेव; शहरातल्या पोरांना एक-एक कणीस दे, हात भाजले की ती आपोआप गोफणीकडे पळतात. (माझ्याकडे हुरड्यापेक्षा गोफणीचं कौतुक जास्त होतं.) पाव किलो हुरडा खाल्ला की माणूस हात आखडतो. पुढे लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं, ओला हरभरा एवढं पुरे. पनीर करू नकोस.

खर्च करायचाच असेल तर स्वच्छ संडास बांध, बायकांसाठी वेगळा. भाकऱ्या थापायला येणाऱ्या काकूंची मजुरी त्याच संध्याकाळी हातात दे. गाड्या शेजाऱ्याच्या पडीक रानात लावायच्या असतील तर त्याला आधी विचार. बांधावरून पेटलेली भांडणं हंगामाबरोबर संपत नाहीत. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, तीही करून घे.

जेवणं झाल्यावर लोक ‘आता काय?’ विचारतात. त्यांना शिखर शिंगणापूरचा रस्ता दाखव. तूही जरा टेक.

गूळभेंडीचं बी राख लावून गाडग्यात ठेवलंय. आबांना नमस्कार सांग आणि पावसाच्या आत येऊन घेऊन जा.

तुझा,
काका