धुराचा स्वाद असलेलं व्हिस्की कॉकटेल घरी कसं करायचं, आणि त्यात एखाद्या प्रदेशाची चव कशी आणायची?

ओल्ड फॅशन्ड (व्हिस्की आणि साखरेचं जुनं कॉकटेल) करा, पण साखरेऐवजी मेपल सिरप (मेपल झाडाच्या रसाचा पाक) घाला. जगातलं बहुतेक मेपल सिरप कॅनडातल्या क्वेबेकमधून येतं. राय या धान्यापासून केलेल्या व्हिस्कीच्या तिखटपणाला ते सुरेख सांभाळतं. 60 मिली राय व्हिस्की, 7 मिली सिरप, बिटर्सचे (वनस्पतींच्या कडू अर्काचे) 2 शिंतोडे. बर्फावर 30 सेकंद चमच्याने ढवळा, शेकरमध्ये घालून हलवू नका, पेय गढूळ होतं.

खरी मेहनत धुराची. ओकचा कोरडा तुकडा (रंग-पॉलिश लागलेला अजिबात नको, पाइनही नको, राळेने धूर कडवट होतो) दगडी फरशीच्या सुट्या तुकड्यावर पेटवा, ज्वाला विझवा आणि धुमसताना त्यावर थंड ग्लास उपडा ठेवा. 30 सेकंद पुरे. ग्लास सुलटा करून लगेच पेय गाळून ओता. वर संत्र्याची साल पिळा.