नाताळच्या प्लम केकच्या चवीचे डोनट घरी ओव्हनमध्ये करता येतात का? अंडं आणि रम टाळली तर चालेल का?

येतात. मरोळ गावठाणात, 16 लिटरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, मी 2017 पासून दर डिसेंबरला करते. पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय, की घरचे म्हणतात 'तळला नाही तर तो डोनट कसला, तो तर भोक पाडलेला केक', तिथे मी अडकले. हेच वाक्य माझ्या मोठ्या नणंदेने मला भरल्या घरात ऐकवलं होतं. त्यामुळे आधी ते सांगते, कृती मागाहून.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे मराठी ख्रिस्ती. हे नाव 1887 साली घेतलं, पण घरात मराठी त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. 'तुम्ही ख्रिस्ती असून इतकं छान मराठी कसं बोलता?' असं अजूनही कोणी कोणी विचारतं. त्याचं उत्तर द्यायचं मी सोडून दिलंय.

माझ्या सासूबाईंना सगळं गावठाण मम्मी म्हणायचं. त्यांचा केक घरी फक्त कालवला जायचा, भाजायला जायचा तो कोपऱ्यावरच्या बेकरीत. पावाचा रात्रीचा घाणा उतरला की भट्टीची आच हळूहळू उतरत जाते, आणि मनुक्यांनी भरलेल्या जड केकला तीच उतरती आच लागते, दोन-अडीच तास. डिसेंबरच्या विसाव्या-बाविसाव्या रात्री बेकरीबाहेर पत्र्याच्या ट्रेंची रांग असायची. कोणी खिळ्याने नाव कोरलेलं, कोणी कडेला तार बांधलेली. मम्मींच्या ट्रेचा एक कोपरा आत चेपलेला होता, तीच त्यांची खूण. सकाळी ट्रे आणायला मी जायची. केकवर त्या चेपलेल्या कोपऱ्याचा ठसा असायचा आणि तो तुकडा हक्काने घरातल्या सगळ्यात लहान पोराला मिळायचा.

मम्मी 2016 साली गेल्या. पुढच्याच वर्षी बेकरीची चाळ पाडायला काढली. त्या नाताळात पहिल्यांदा केक घरी भाजायची वेळ आली आणि ती माझ्यावर आली. फळं ऑक्टोबरपासून रममध्ये भिजत घातलेली, किलोभर. साखर जाळलेली, अगदी त्यांच्यासारखी. ओटीजीत ट्रे ठेवला तर वरची कांडी केकपासून जेमतेम चार बोटांवर. पाऊण तासात वरचा पापुद्रा काळा पडला. वर फॉइल घातलं, आच कमी केली, दीड तासाने सुरी खुपसली तर मधून ओलं पीठ वर आलं. कडा कोरड्या ठणठणीत. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले आहे त्या दिवशी, केकसाठी नाही, दोन महिने भिजलेल्या फळांसाठी. अर्धी फळं अजून बरणीत होती एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी लहान ट्रे बघायला क्रॉफर्ड मार्केटला गेले. मागच्या गल्लीत भांडीवाल्यांकडे सहा खळग्यांचा डोनटचा साचा टांगलेला होता. तो हातात घेतला आणि मला एकदम उमगलं. माझा केक मध्येच कच्चा राहत होता. ह्याला मधला भागच नाही, मग कच्चा राहणार कुठे? डोनटचं भोक मला तोवर शोभेचं वाटायचं, पण ते असतंच त्यासाठी. आच आतूनही लागते, बाहेरूनही. ज्याला भट्टीची उतरती आच मिळत नाही, त्याने ह्याच आकाराकडे जावं. दोन साचे घेऊन घरी आले.

25 तारखेला नणंद वसईहून आली. सगळे टेबलाभोवती. मी ताट आणलं, वर मम्मींचाच क्रोशाचा रुमाल. रुमाल काढल्यावर ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "हा काय डोनट आहे? तळलेला तरी आहे का? मम्मीच्या केकला भोक पाडलंस तू." एक उचलला, गरमच होता, अर्धा चावला आणि उरलेला ताटाच्या कडेला ठेवला. मी म्हटलं, "ताई, साखर तीच, फळं तीच, हात तेवढा माझा." ती काही बोलली नाही. माझा नवराही बोलला नाही, ते मला जास्त लागलं.

तळण्याचं म्हणाल तर मी जानेवारीत तळूनही बघितलंय, तिचं म्हणणं खरं असेल तर कळावं म्हणून. उरलेल्या फळांचं घट्ट पीठ मळलं, कडी वळून तेलात सोडली. जळक्या साखरेने पीठ आधीच काळपट, त्यामुळे तांबूस झाल्यावर काढायचं म्हणजे नक्की कधी, ते डोळ्यांना कळतच नाही. वर आलेले बेदाणे तेलात फुगून कडू कोळसा झाले, चेरी सुटून तळाशी जाऊन करपली, आणि तेल एका घाण्यात फेकायच्या लायकीचं झालं. साध्या पिठाचा डोनट जरूर तळा, तो तळलेलाच चांगला. प्लम केकचं पीठ भाजायचंच असतं. आणि नाताळात आमच्याकडे तळणीचा मान फुग्यांना असतो. मैदा, अंडी, नारळाचं दूध, यीस्ट (आधीच्या पिढ्या ताडी घालायच्या), पीठ मुठीत धरून अंगठ्याशेजारून पिळून काढायचं, तेलात पडलं की टम्म फुगतं. सोरपोतेलबरोबर, म्हणजे डुकराच्या मटणाच्या आंबट-तिखट कालवणाबरोबर, खायचं. ज्या घरात फुगे होतात त्या घराला तळलेल्या पिठावर कोणी धडा द्यायची गरज नाही, हे मला ताईला तेव्हाच सांगायचं होतं.

तिचा दुसरा मुद्दा मात्र असा सहज उडवता येत नाही. ती म्हणाली होती की केक घरातल्या मोठ्या माणसाने कापायचा असतो आणि सगळ्यांनी एकाच केकमधलं खायचं असतं, डोनट म्हणजे ज्याचा त्याचा वेगळा. हे मला पटतं, म्हणून मी थोडं पीठ एका छोट्या चौकोनी ट्रेमध्येही घालते, कापायला. पण गावठाणात आमची नाताळच्या फराळाची ताटं वीस घरांत जातात: कलकल, न्युऱ्या, दोदोल, मिल्क क्रीम आणि केकची फोड. फोड दुसऱ्या दिवशी कापलेल्या बाजूने सुकते. डोनट अख्खा जातो, अख्खा राहतो. वाटायच्या गोष्टीला तो आकार केकपेक्षा बरा आहे, हे मी कोणालाही तोंडावर सांगेन.

आता तुमची कृती. 12 डोनटला मैदा 150 ग्रॅम, बारीक रवा 30 ग्रॅम, लोणी 75 ग्रॅम, साखर 80 ग्रॅम, 2 अंडी, दूध 80 ते 100 मिली, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, दालचिनी-लवंग-जायफळाची पूड मिळून पाऊण चमचा, एका संत्र्याची किसलेली साल (पांढरा भाग नको), जळक्या साखरेचं पाणी 3 मोठे चमचे आणि भिजलेली फळं 120 ग्रॅम. ह्याहून जास्त फळं घालू नका, कडी मोडते. फळांत काळे मनुके, तासगावचे बेदाणे, खजूर, थोडी चेरी, संत्र्याच्या सालीचा मुरंबा. टूटीफ्रूटी म्हणजे पाकवलेली कच्ची पपई, ती मूठभर पुरे. प्लम शोधत बसू नका, जुन्या इंग्रजीत मनुक्यांनाच प्लम म्हणायचे. सगळं तुरीच्या डाळीएवढं चिरा. केकला अख्खा मनुका चालतो, इथे नाही, कारण कडी दोन बोटं जाड असते.

सगळा जीव जळक्या साखरेत आहे. रंग तिचा, आणि गोडाला तोल देणारा कडवटपणाही तिचाच. जाड बुडाच्या पातेल्यात 100 ग्रॅम साखर मंद आचेवर ठेवा, पाणी नको, चमचा नको. कडेने वितळेल, सोनेरी होईल, मग विटकरी. बहुतेक जण इथे घाबरून थांबतात आणि त्यांचा केक फिका होतो. अजून थांबा. मोठे बुडबुडे येऊन फेस चढतो, निळसर धूर निघायला लागतो, रंग कडक कोऱ्या चहासारखा होतो, तेव्हा गॅस बंद. मम्मी ह्या वेळी नाक पुढे करून एकदा वास घ्यायच्या आणि 'बस' म्हणायच्या. मग पातेलं सांडशीने धरून, तोंड लांब ठेवून, 100 मिली उकळतं पाणी थोडं थोडं घाला. ते थडाथड उडतं. पोरांना त्या वेळी ओट्याजवळ उभं करू नका. गार झालं की बाटलीत भरा, टिकतं.

लोणी-साखर फेसा, एकेक अंडं, मग साखरेचं पाणी, दूध, रवा. रवा फुगायला 15 मिनिटं. मग मैदा, पावडर, मसाला चाळून घाला आणि फक्त एकजीव करा, घोटत बसू नका. फळं पिळून, चमचाभर मैद्यात घोळवून शेवटी. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत भरा, कोपरा मोठा कापा, लोणी लावलेल्या साच्यात पिळा, दोन तृतीयांशच. ओव्हन 175 अंशांवर नीट तापलेला असू दे, मधला रॅक, 11-12 मिनिटं. साचा पत्र्याचा घ्या, सिलिकॉनच्यात कड तांबूस होत नाही. वर पिठीसाखर संत्र्याच्या रसात घट्ट कालवून लावा, डिसेंबरात नागपूरची संत्री असतातच.

रमबद्दल. ओव्हनमध्ये रम उडून जाते असं सगळे सांगतात, मीही शेजारच्या काकूंना वर्षानुवर्षं तेच सांगत आले. त्यांच्या घरात दारूचा थेंब चालत नाही. त्या दिवाळीला आम्हाला चकली-करंजी देतात, मी नाताळात ताट देते. नंतर वाचलं तेव्हा कळलं की तास-दोन तास भाजूनही थोडी रम उरतेच, आणि डोनट तर 12 मिनिटंच आत असतो. मी त्याच संध्याकाळी जाऊन काकूंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून त्यांची फळं वेगळी: संत्र्याच्या रसात पाच मिनिटं उकळायची, त्यातच रात्रभर ठेवायची. रमशिवाय फळं महिनोन्‌महिने टिकत नाहीत, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस फार तर. चव वेगळी लागते, पण वाईट नाही. तुम्ही कोणाला रमवाले देणार असाल तर सांगून द्या.

अंड्याशिवाय होतात, पण मला मनापासून आवडलेले नाहीत. 2 अंड्यांऐवजी घट्ट दही 120 ग्रॅम, अर्धा छोटा चमचा सोडा आणि दूध निम्मं. साच्यातून 20 मिनिटं काढू नका, नाहीतर कडी तुटते. आणि तळलेले नाहीत म्हणून पौष्टिक आहेत असं घरी सांगू नका. लोणी आणि साखर दोन्ही आहेत, नाताळ आहे, खावं. तळलेल्याची कुरकुरीत कड ह्यात येत नाही, तेवढं मात्र तुमच्या घरच्यांचं खरं.

एक राहिलंच. गरम खायला देऊ नका. गरम असताना नुसता मसाला आणि कडवटपणा लागतो. पूर्ण गार करा, घट्ट डब्यात एक रात्र ठेवा, फळांचा ओलावा पिठात उतरतो आणि मग तो प्लम केकसारखा लागतो. ताईने 2017 ला साच्यातून काढल्या काढल्या चावला होता. रात्रभर मुरलेला तिने अजून एकदाही खाल्लेला नाही, दर वर्षी माझ्याकडे येऊन नुसती चौकोनी केकची फोड घेते. ह्या वेळी मी 23 तारखेलाच भाजून डबा वसईला पाठवणार आहे.