आयुष्यभर पक्षी पाहून त्यांच्या याद्या ठेवण्यातून काय हाती लागते?

वर्षानुवर्षे पक्ष्यांच्या याद्या ठेवणे म्हणजे केवळ आकडा वाढवण्याचा नाद नव्हे का, असे आपण विचारले आहे. मी नाशिकचा रहिवासी असून शाळकरी वयापासून पक्षी पाहत आणि त्यांच्या नोंदी करत आलो आहे. याद्या ठेवाव्यात असेच मी सांगेन. पण त्यांतली कोणती अधिक मोलाची, याविषयीचे माझे मत काळाबरोबर पक्के होत गेले.

आजवर पाहिलेल्या एकूण जातींच्या यादीचा आनंद मी कमी लेखत नाही, कारण नवा पक्षी ओळखण्याच्या ओढीनेच माणूस चोचीचा आकार, उडण्याची ढब आणि आवाज बारकाईने टिपायला शिकतो. मात्र वर्गीकरण बदलले की हा आकडा घरबसल्याही बदलतो. पूर्वी लांब चोचीचे गिधाड ही एकच जात मानली जात असे. पुढे उत्तरेकडील सडपातळ चोचीचे गिधाड स्वतंत्र जात ठरले.

मला जिची खरी माया आहे ती यादी एकाच जागेची आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा ब्रिटिशकालीन बंधारा आहे. त्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पती तयार झाल्या, आणि पक्ष्यांना हवे ते सारे तेथे मिळाले. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले आणि 2020 मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात मी तेथे ठरावीक पट्टा ठरावीक वेळी पाहतो आणि थापट्या, तलवार बदक, चमच्या, वारकरी यांच्याबरोबर टिटवी आणि बगळेही संख्येसह लिहितो. अशा नोंदी साठत गेल्या की बदके केव्हा येतात आणि केव्हा परततात हे दिसू लागते. पाणी भरलेले असताना न दिसणारे शेकाटे आणि तुतवार, पातळी उतरून चिखल उघडा पडताच कसे जमतात, हेही कळते. एकेका फेरीत यातले काहीच लक्षात येत नाही.

नेहमीचे पक्षी लिहिण्याचा आग्रह मी धरतो, त्यामागे गिधाडांची हकिकत आहे. गिधाडे सर्वत्र दिसत होती त्या काळातील ज्या वह्या मी चाळल्या, त्यांत एखाद्या दुर्मीळ पाहुण्यावर पानभर मजकूर आहे आणि गिधाडांविषयी फार तर एक शब्द. 1990 च्या दशकात देशभर ती झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाई आणि मूत्रपिंडे निकामी होत. पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर 2006 मध्ये बंदी आली. आपल्या भागात पूर्वी नेमकी किती गिधाडे होती, हे त्या वह्यांतून आता काढता येत नाही, याची मला आजही हळहळ वाटते. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची वीण अजून टिकून आहे. तेथे गेलो की मी त्यांची संख्या लिहितोच, आणि एकही दिसले नाही तर शून्य लिहितो, कारण उपस्थितीइतकीच अनुपस्थितीचीही नोंद हवी असते.

आपण सुरुवात करणार असाल तर घराजवळची एक जागा निवडावी. तारीख, वेळ, किती काळ पाहिले आणि दिसलेला प्रत्येक पक्षी, मग तो कावळा, साळुंकी किंवा घार का असेना, संख्येसह लिहावा. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव न घालता वर्णन लिहून ठेवावे. हीच नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरताना यादी पूर्ण असल्याचे आवर्जून नमूद करावे, म्हणजे त्यात नसलेला पक्षी खरोखरच आढळला नव्हता, हे अभ्यासकांना गृहीत धरता येते.