‘मी हात काढला तर यांचं कसं होणार?’

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचं माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच मला ते येताना दिसतं. कोणाच्या नवऱ्याला पॅरालिसिस झालेला असतो, कोणाच्या बायकोच्या मणक्याला मार बसलेला असतो, 2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे (गुलेन-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते) पेशंट एकदम वाढले तेव्हा तिकडून एका पस्तिशीतल्या नवऱ्याचा फोन आला होता, बायको व्हेंटिलेटरवरून उतरली पण हातापायांत ताकदच नाही. आजार वेगवेगळे पण वाक्य तेच, ‘मॅडम, मी हात काढला तर कसं होणार?’ आणि त्याच्या पाठोपाठ, दाराकडे बघत, आवाज खाली आणून दुसरं वाक्य, ‘कधीकधी इतकी चिडते ना मी, मग रात्री रडत बसते.’

म्हणून आज एका जोडप्याबद्दल लिहितेय. त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय. त्यांना आपण सर आणि ताई म्हणू.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, वय 51. एका सकाळी दाढी करताना हातातला रेझर खाली पडला, उचलायला गेले तर हात उचलेना आणि तोंड एका बाजूला वाकडं झालं. ताईंना वाटलं पित्ताची चक्कर असेल, रात्री जागरण झालं होतं, म्हणून त्यांनी त्यांना झोपवलं. दुपारी गावातले डॉक्टर, तिथून तालुका, तिथून नाशिक. मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत 6 तास गेले होते. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तिथल्या एका डॉक्टरांनी घाईघाईत विचारलं, ‘इतका उशीर का केला?’ बस्स, हे वाक्य ताईंच्या छातीत रुतून बसलं. पण हे मला कळलं खूप नंतर.

मेंदूच्या डाव्या बाजूला इजा, त्यामुळे उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही. ज्याला वाचाघात म्हणतात तो. समजायचं बरंचसं, पण शब्द ओठांपर्यंत यायचा नाही. गंमत नाही हं ही, पण सरांना बे एके बे पासून बे दाहे वीस पर्यंत सगळं म्हणता यायचं, गणपतीची आरती अख्खी यायची, पण पाणी पाहिजे असेल तर ‘पाणी’ म्हणता यायचं नाही. नातेवाईक म्हणायचे, बघा येतंय की बोलता, हट्टीपणा करतात. ताईसुद्धा एकदा ओरडल्या होत्या, पाढे येतात मग पाणी का येत नाही? त्याचा अपराध अजून त्यांच्या मनात होता. हे हट्ट-बिट्ट काही नसतं, लहानपणापासून घोकलेलं आपोआप बाहेर येतं, मनातलं सांगायला मात्र दर वेळी नवा शब्द शोधावा लागतो आणि शोधायची तीच वाट मोडलेली असते. हे कोणीतरी घरच्यांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगायला हवं.

ताई पहिल्यांदा एकट्याच आल्या, शेजारच्या मावशींना सरांजवळ बसवून. घड्याळाकडे सारखं लक्ष. त्यांनी दिवस सांगितला: पाचला उठणं, डायपर, अंघोळ, भरवणं, साडेनऊला फिजिओवाले, दुपारी सोमवार-गुरुवार स्पीच थेरपिस्ट, संध्याकाळी मालिश, रात्री सरांच्या कॉटखाली चटई टाकून झोपणं, तेही मनगटाला साडीचा काठ बांधून, दुसरं टोक सरांच्या डाव्या हातात, त्यांनी ओढलं की जाग यावी म्हणून. आठ महिने. गुरुवारचं भजनी मंडळ बंद, माहेरी जाणं बंद.

मी विचारलं, ‘सर डाव्या हाताने जेवू शकतात का?’

‘जेवतील, पण सांडतं ना. मला बघवत नाही.’

‘आणि मदतीला कोणी बाई?’

‘मुलगा म्हणतो ठेवू. पण माझ्याइतकं कोण करणार? वटपौर्णिमेला सगळ्या म्हणाल्या, तू खरी सावित्री.’ मग थोडा वेळ पदराशी खेळत बसल्या आणि म्हणाल्या, ‘सावित्री दमत नसेल का हो मॅडम?’

मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारावर माझी सगळी प्रॅक्टिस उभी आहे आणि त्या विचाराने मला एक गोष्ट शिकवलीय, माणूस दमतो कामाने, पण मोडतो तो स्वतःला घातलेल्या ‘च’ ने. मीच केलं पाहिजे. चिडताच कामा नये. मला कळायलाच हवं होतं. ताईंच्या बोलण्यात हा ‘च’ जागोजागी होता, तो आला कुठून ते मात्र दिसत नव्हतं. मी सांगितलं, पुढच्या वेळी सरांना घेऊन या.

सर आले, व्हीलचेअरवर, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. आणि इथे मला एक कबूल करायचंय. पहिले दोन सेशन मी पण सगळं ताईंनाच विचारलं. सर जेवतात का, सर चिडतात का, सरांना झोप लागते का. माणूस दोन फुटांवर बसलेला आणि मी त्यांच्याबद्दल असं बोलत होते जसं ते शेजारच्या खोलीत आहेत. तिसऱ्या वेळी सरांनी मान फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंखा बंद केला, आवाज करायचा तो. खुर्ची उचलून त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं, ‘सर, घरात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’

ताई लगेच, ‘अहो त्यांना तर...’ मी हात वर केला.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दिसत होता म्हणून सांगते, जवळजवळ 1 मिनिट गेलं. सरांच्या गळ्याची शीर फुगली. मग आलं, ‘झो... झोप.’ आणि परत थोड्या वेळाने, ‘नाही.’

ताई म्हणाल्या, ‘हो ना, महिनाभर हेच चाललंय, झोप नाही झोप नाही. यांना झोप लागत नाही म्हणून मी डॉक्टरांना सांगितलं पण.’

सरांनी डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. ‘नाही! ही!’ आणि बोट ताईंकडे. ‘ही. ही... झोप... नाही.’

खोलीत आम्ही तिघंही गप्प. ताईंना कळायला वेळ लागला. महिनाभर हा माणूस बायकोबद्दल काळजी सांगत होता आणि ती प्रत्येक वेळी त्याचीच तक्रार समजून डॉक्टरांकडे नेत होती! माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मनात जपून ठेवावेत असे जे मोजके क्षण आहेत त्यातला हा एक. तो आला कारण आम्ही दोघींनी तोंड बंद ठेवलं, दुसरं काही नाही.

ताई रडल्या आणि मग ते 6 तास बाहेर आले. रेझर, पित्त, झोपवून ठेवलं, ‘इतका उशीर का केला’. म्हणजे आठ महिने त्या सेवा करत नव्हत्या, फेडत होत्या. आणि फेडणाऱ्याला थांबता येत नाही, मदत घेता येत नाही, कारण दुसऱ्याने फेडलेलं आपल्या खात्यात जमा होत नाही ना. मी त्यांना विचारलं, ‘त्या सकाळी पॅरालिसिसची लक्षणं तुम्हाला माहीत होती का?’ नाही. ‘माहीत असती तर झोपवलं असतं?’ नाही. ‘मग जे माहीतच नव्हतं त्याची ही शिक्षा कोणी दिली तुम्हाला?’ बराच वेळ गेला. मग त्यांनी सरांकडे बघितलं. सर मान हलवत होते, नाही, नाही. उशीर झाला याचं दुःख राहणारच, ते राहू द्यावं, पण दुःख वेगळं आणि दंड वेगळा, यावर आम्ही पुढचे तीन-चार सेशन काम केलं.

आणि सावित्रीचं उत्तर मी तेव्हा दिलं. आपण वडाला फेऱ्या मारतो पण महाभारताच्या वनपर्वात ती गोष्ट यम गेल्यावर संपत नाही. सत्यवान उठतो तेव्हा अंधार पडलेला असतो, अंगात त्राण नसतं. सावित्री त्याला उचलून नेत नाही. फळांची टोपली झाडाला टांगते, उद्या नेऊ म्हणते, कुऱ्हाड स्वतः घेते, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेते आणि दोघं चालायला लागतात. आणि रस्ता कोण सांगतं? सत्यवान. पळसाच्या झाडीपाशी दोन वाटा फुटतात, तू उत्तरेची घे, असं तो सांगतो, कारण ते रान त्याच्या पायाखालचं असतं. ताईंना म्हटलं, खांदा तुमचा, पण वाट त्यांना सांगू द्या. आणि टोपली टांगायला शिका, सगळं आजच घरी न्यायचं नसतं.

इथून पुढे जे केलं ते कोणालाही करता येण्यासारखं आहे म्हणून नीट सांगते. बोलताना टीव्ही बंद, समोर बसायचं, एका वेळी एकच छोटा प्रश्न आणि मग थांबायचं. मनात दहापर्यंत मोजा, नाही आलं तर परत मोजा. शब्द पुरा करायची घाई नको, ‘मी सांगू का?’ असं विचारून मगच. आणि कळलं नसेल तर कळल्यासारखं करू नका, ‘मला हे असं वाटलं, बरोबर का?’ असं विचारा, ताईंचा महिना तिथेच गेला होता. जेवताना सांडलं तर सांडू दे, ताटाखाली ओलं फडकं घाला म्हणजे ताट सरकत नाही. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावायला सरांना सुरुवातीला 9 मिनिटं लागायची आणि ती 9 मिनिटं ताईंनी स्वयंपाकघरात जाऊन काढायची असं ठरलं, कारण समोर उभं राहून हात मागे ठेवणं खरंच कठीण असतं. अशक्त बाजूचा हात धरून मात्र कधीही ओढू नका, खांदा निखळतो, कसं उठवायचं ते फिजिओवाल्यांकडून शिकून घ्या.

रडण्याबद्दल. पेशंट मधेच हुंदके देऊन रडायला लागतो, कधी नको तिथे हसतो, यातलं काही मेंदूच्या इजेमुळे होतं, मनात तेवढं दुःख असेलच असं नाही, डॉक्टरांना सांगा, औषध असतं. पण स्ट्रोकनंतर, म्हणजे सरांना आला तसल्या मेंदूच्या झटक्यानंतर, साधारण तिघांपैकी एकाला खरंखुरं डिप्रेशनही येतं, ‘आळशी झालेत, व्यायामच करत नाहीत’ म्हणून त्यांना रागावण्याआधी हे तपासून घ्या. आणि ‘सहा महिन्यांत जे व्हायचं ते होतं’ असं कोणी म्हणालं तर खचू नका, पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा जोरात होते हे खरं, पण नंतरही होत राहते, बोलण्यात तर वर्षांनीसुद्धा फरक पडलेले पेशंट आहेत.

अजून एक गोष्ट ज्याने माझा जीव तुटतो. सरांच्या भावाने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरून आणून ठेवला होता, सही तेवढी बाकी. दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 20 वाचा. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्यासाठी काढता येत नाही, खालच्या पदावर आणता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत जमेल असं दुसरं काम द्यायचं, तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे त्यांच्यासाठी तयार केलेल्या जादा पदावर ठेवायचं. जिल्हा परिषदेलाही हे लागू आहे आणि वाचाघातसुद्धा त्या कायद्यात धरलेला आहे. आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा, घाबरून सही करू नका. खाजगी नोकरीत एवढं संरक्षण नाही, म्हणून तिथे तर राजीनाम्याआधी वकिलाला विचाराच.

नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दल बायका नेहमी उठून चप्पल घालताना विचारतात, म्हणून इथेच सांगते, दुसरा अटॅक येईल ही भीती बहुतेकांना असते, डॉक्टरांना स्पष्ट विचारा, तब्येत स्थिर असेल तर सहसा ते मनाई करत नाहीत. निदान खालची चटई उचला आणि तुमची कॉट त्यांच्या कॉटशेजारी लावा. ताईंनी मनगटाची गाठ सोडली आणि सरांच्या उशाशी बेल ठेवली. पहिल्या आठवड्यात बेल एकदाही वाजली नाही, ताईच चार वेळा उठून बघून आल्या.

आता सकाळी तीन तास एक मावशी येतात. गुरुवारचं भजन सुरू झालंय. चिडणं थांबलं का? नाही थांबलं, पण चिडल्यावर रात्रभर स्वतःला फटके मारणं थांबलं. सर चार पायांची काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जातात, उजवा हात अजून फारसा उठत नाही. ताईंचं नाव त्यांना अजून येत नाही, ‘ही’ म्हणतात.

मागच्या महिन्यात ताईंनी सांगितलं, दोघं बाजारात गेले होते. भाजीवाल्याने सवयीने ताईंनाच विचारलं, ‘सरांना काय आवडतं, काय देऊ?’ ताई म्हणाल्या, ‘सर इथेच आहेत, त्यांना विचार,’ आणि खाली वाकून कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करत राहिल्या, म्हणजे तोंडातून काही निघायला नको. सर ‘मे... मे...’ वर अडकले होते. मागे चार माणसं खोळंबली होती. ताईंनी खोळंबू दिली.