'राष्ट्रधर्म' अभंगात चालेल का?

वाईहून एका वाचकाने विचारलंय. गावच्या हरिनाम सप्ताहात म्हणायला त्यांनी देशावर नवा अभंग रचलाय. सुरुवात अशी:

राष्ट्रधर्म माझा। विठ्ठल देखिला।
तिरंगी शोभला। मायभूमी॥

'राष्ट्रधर्म' हा शब्द अभंगात चालेल का, आणि शेवटी 'तुका म्हणे' घालू की स्वतःचं नाव?

मापात सगळं बसतं. मोठ्या अभंगाला 6-6-6-4 अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. जोडाक्षर एकच धरायचं, लघु-गुरूचा जाच नाही. ('मायभूमी'ला विभक्ती नसल्यामुळे ती जरा लोंबकळते, ते सोडा.) टाळावर 'ष्ट्र' अडखळतो, पण टाळकरी 'राष्टर' करून तो निभावून नेतात.

खरी अडचण समासाची. 'शेजारधर्म' म्हणजे शेजाऱ्याशी वागायची रीत, 'राजधर्म' म्हणजे राजाचं कर्तव्य. त्या चालीवर 'राष्ट्रधर्म' घेतला तर देशाप्रती कर्तव्य, आणि त्यात मांडवातला कुणीही सामील. 'राष्ट्र हाच धर्म' असा सोडवला तर देवाच्या जागी राष्ट्र येऊन बसतं. 'राष्ट्राचा धर्म' म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कुठला? तुमच्या ओळीत पाठोपाठ विठ्ठल येतो, त्यामुळे तिसराच अर्थ आधी कानावर पडतो.

सातारकरांना हा घोळ नवा नाही. समर्थांनी संभाजीराजांना लिहिलेलं म्हणून जे पत्र सांगतात, त्यातल्या 'महाराष्ट्र धर्म' या दोन शब्दांचा अर्थ न्यायमूर्ती रानडे आणि राजवाडे यांनीसुद्धा आपापल्या परीने लावला. तुमच्याच वाईत प्राज्ञपाठशाळेत शिकलेल्या विनोबांनी 1923 मध्ये 'महाराष्ट्र धर्म' याच नावाचं मासिक काढलं, आणि पुढे 'जय जगत्' ही घोषणाही त्यांचीच.

माझं मत विचाराल तर कर्तव्याचाच अर्थ घ्या, आणि शब्द न वापरता तो कृतीतून येऊ द्या. उदाहरणादाखल:

शेजाऱ्याची भूक। आपुली म्हणावी।
मग मिरवावी। देशभक्ती॥

'देश' सोपा खरा, पण आपल्याकडे 'कोकणातून देशावर आला' असंही म्हणतात, तिथे देश म्हणजे घाटमाथ्यावरचा मुलूख. 'देशभक्ती'त तो घोळ होत नाही, नुसता 'देश' वापरताना मात्र जपून.

राहिली नाममुद्रा, म्हणजे शेवटी येणारं कवीचं नाव. 'तुका म्हणे' मुळीच नको. तुकोबांच्या नावावर आधीच प्रक्षिप्त, म्हणजे इतरांनी रचून घुसडलेले, अभंग थोडे नाहीत. संतांनी तर ही जागा आपण कोण हे सांगायलाच वापरली. 'शेख महंमद अविंध। त्याचे हृदयी गोविंद॥' आठवा. अविंध म्हणजे कान न टोचलेला, मुसलमान. स्वतःची ओळख आणि श्रद्धा दोन्ही एका ओळीत, कुठलीही न लपवता. तुमचं नाव दोन अक्षरी असेल तर 'म्हणे' धरून चार होतात, मग त्या चरणात आणखी दोन अक्षरांची जागा उरते. तीन अक्षरी असेल तर एकच उरेल, तेव्हा घरात हाक मारतात ते नाव घाला.